रांगोळीच्या अलीकडे

(रविवार, सकाळचे सव्वाआठ. क्रीडा संकुलाच्या फाटकाबाहेर, चहाच्या गाड्याजवळचा कट्टा.)

राजकुमार : पुन्हा पाहिलं. तेच आहे. नंबर एकावन्नशे सत्त्याऐंशी, करुणा राजकुमार हिवराळे, वय अठ्ठेचाळीस. सुरुवात सहा वाजून पस्तीस मिनिटं बारा सेकंद. शेवट, रेघ.

करुणा : रेघ म्हणजे?

राजकुमार : आडवी रेघ. पुढं इंग्रजीत तीन अक्षरं. पळायला सुरुवात केली, संपवलं नाही.

करुणा : संपवलं नाही?

राजकुमार : मी म्हणत नाही. यादी म्हणते.

करुणा : मग चहा घ्या यादीच्या नावानं. बिनसाखरेचा सांगितला ना तुमचा?

राजकुमार : सांगितला. त्यानं दोन्ही बिनसाखरेचे दिले.

करुणा : असू द्या. आज गोड खाण्यासारखं काही झालंही नाही.

राजकुमार : निकालाच्या टेबलावर जाऊन विचारून ये म्हणालो होतो तुला.

करुणा : विचारलं. तिथली मुलगी चांगली होती हो. खुर्ची दिली मला बसायला. म्हणाली, काकू, कमानीखाली काळी पट्टी अंथरली आहे, तिच्यावरून गेलं की तुमच्या छातीवरच्या नंबरातली चिप मशीनला कळते. तुम्ही पट्टीवरून गेलाच नाहीत. मी म्हटलं, पोरी, पट्टीच्या बाजूनं गेले, हे एवढं दोन हातांवरून. तर म्हणाली, दोन हात काय, दोन बोटं बाजूनं गेलात तरी कळत नाही त्याला.

राजकुमार : बरोबर बोलली.

करुणा : वाटलंच होतं, तुम्हाला पटणार.

राजकुमार : पटायचा प्रश्न नाही. बत्तीस वर्षं वाळूजला टाइम ऑफिसात काढली मी. एक सांगतो तुला, आमच्या प्रेस शॉपमध्ये एक धोंडिबा होता...

करुणा : धोंडिबा नको.

राजकुमार : ऐक तर.

करुणा : सत्तावीस वर्षं ऐकतेय. धोंडिबानं सेकंड शिफ्ट पूर्ण केली, कार्ड पंच करायचं विसरला, तुम्ही गैरहजर लावलं. सुपरवायझर म्हणाला, मी स्वतः पाहिलंय याला मशीनवर. तुम्ही म्हणालात, मशीननं पाहिलं का?

राजकुमार : कार्डानं पाहिलं का, असं म्हणालो होतो.

करुणा : आणि तो वर्षभर तुमच्याशी बोलला नाही.

राजकुमार : चौदा महिने.

करुणा : बघा. ते पण लिहून ठेवलंय.

राजकुमार : लिहावं लागतं. लिहिलं नाही तर माणूस आपल्याला पाहिजे तसं आठवतो. हा बघ, कागद पण आणलाय मी.

करुणा : इथं? शर्यतीला?

राजकुमार : कराराचा कागद कराराच्या दिवशी सोबत पाहिजे. ऐक. "मी, राजकुमार हिवराळे, राहणार मुकुंदवाडी, लिहून देतो की, माझी पत्नी करुणा हिने पाच किलोमीटरची शर्यत छत्तीस मिनिटांच्या आत, अधिकृत निकालानुसार, पूर्ण केल्यास मी दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी चाळीस मिनिटे, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, चालायला जाईन. सबब सांगणार नाही. तिने पूर्ण न केल्यास ती माझ्या चालण्याविषयी एक वर्ष एक शब्द काढणार नाही." खाली दोघांचे दस्तखत. साक्षीदार आपली लेक अमृता, पुण्याहून, फोनवर.

करुणा : ते "अधिकृत निकालानुसार" तुम्ही मागून घातलं.

राजकुमार : तुझ्यासमोर घातलं. तू भाकरी थापत होतीस.

करुणा : म्हणूनच तेव्हा घातलं. मी हात पिठाचे असताना सही पण केली. अजून पीठ दिसतंय बघा त्या कागदावर.

राजकुमार : करुणा...

करुणा : नाही, कबूल आहे मला. जिंकलात तुम्ही. वर्षभर एक शब्द नाही. बसा खुर्चीत, टीव्हीसमोर, छातीत दोन दोन स्टेंट घेऊन.

राजकुमार : एकच आहे.

करुणा : चुकले. नोंद दुरुस्त करा.

राजकुमार : तू का थांबलीस पण? पळत आली होतीस. चांगली पळत आली होतीस.

करुणा : तुम्ही तिथंच उभे होता. दिसलं नाही का तुम्हाला?

राजकुमार : दिसलं. तुझ्या तोंडून ऐकायचंय.

करुणा : कमानीच्या अलीकडे रांगोळी होती. पूर्ण रस्ताभर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. चित्रकलेच्या पोरींनी काल दुपारपासून काढली म्हणे, फोटोसाठी. अजिंठ्याचा पद्मपाणी. हातात कमळ. डोळे खाली. आपल्या घरात भिंतीवर आहे ना, तोच चेहरा. पलंगाएवढा मोठा. सांगा, कुठं पाय ठेवू?

राजकुमार : रांगोळी पुसायसाठीच असते. संध्याकाळी कोणीतरी झाडूनं लोटणारच होतं.

करुणा : लोटू द्या. झाडूनं लोटू द्या. माझ्या बुटानं नाही.

राजकुमार : तुझ्या पुढं सहा जणी होत्या. चार जणी उडी मारून गेल्या. दोघी कडेनं गेल्या, कमळावरून.

करुणा : उडी! अठ्ठेचाळीस वर्षांची बाई मी. उडी कमी पडली असती तर बरोबर कपाळावर बसले असते त्याच्या.

राजकुमार : हसू नकोस.

करुणा : हसत नाही. कडेनं दोरी होती, वाकले, दोरीखालून बाहेर पडले, कमानीला वळसा घातला, पलीकडं गेले. मला काय माहीत ती काळी पट्टी इतकी मानाची आहे. मला वाटलं पायपुसणं अंथरलंय.

गीताबाई : अगं ए करुणे! कुटं बसलीस तू? म्या आख्खं मैदान हुडकलं! हे बग, हे बग काय घातलंय माज्या गळ्यात! सत्तेचाळीस मिनटं! अठ्ठावन वर्साची म्हातारी, वैजापूरच्या कांद्यात जल्म गेला, आन सत्तेचाळीस मिनटात पाच किलोमीटर! त्या माइकवाल्यानं नाव घेतलं माजं. गीताबाई म्हनला. पुडं "ताई" पन म्हनला.

करुणा : ऐकलं मी. या, बसा. ह्यांना सरकू द्या जरा.

गीताबाई : आन दाजी, ही घ्या तुमची चप्पल. मंडपाच्या मागं पडली व्हती. अंगठा तुटलाय. ही पिन लावा त्याला, माज्या नंबराची हाय, आता काय करायचंय मला तिचं.

करुणा : अहो! तुम्ही एका चपलेवर बसलाय इतका वेळ?

राजकुमार : गर्दीत निसटली. शोधणारच होतो.

गीताबाई : गर्दीत म्हनं. बरं. आन तुजं मेडल कुटंय गं? पिशवीत टाकलंस? घाल की गळ्यात, लाजतीस काय?

करुणा : मला नाही मिळालं.

गीताबाई : नाय मिळालं? तू तर माज्या लई पुडं व्हतीस. पयल्या वळणानंतर दिसलीच नाय मला. फलाटावर रोज माज्यापुडं बारा चिंचोके ऱ्हातीस, आन तुला मेडल नाय?

राजकुमार : बारा चिंचोके म्हणजे?

करुणा : मुकुंदवाडी स्टेशनच्या फलाटावर पळतो ना आम्ही, पहिली गाडी यायच्या आत. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी झाली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. मोजायला दुसरं काय आहे आमच्याकडं. घड्याळ तुमच्याकडं.

गीताबाई : मला खिसा नाय. म्या पदरात बांधते. पन तू शर्यत सोडली काय मधीच? पोटात दुखलं?

करुणा : पट्टीवरून गेले नाही. बाजूनं गेले. रांगोळी होती.

गीताबाई : कसली रांगोळी?

करुणा : कमानीपुढची.

गीताबाई : मला नाय दिसली बाई. चष्मा पिशवीत व्हता. मला नुसतं रंगीत रंगीत दिसलं, म्हन्लं सतरंजी टाकलीय आपल्यासाठी. काय व्हतं तिथं?

राजकुमार : पद्मपाणी. अजिंठा लेणीतला. बोधिसत्त्व.

गीताबाई : म्हंजी... देवाचं तोंड व्हतं?

करुणा : आमच्यात देव म्हणत नाहीत. पण तोंड होतं.

गीताबाई : अगं बया. आन म्या... थांब, बूट बगू दे. हे काय, निळं. आन हे पिवळं. करुणे, म्या पाय दिला गं. तुमच्या बुद्धाच्या तोंडावर पाय दिला म्या.

करुणा : नाही हो. तुम्ही आलात तोवर चेहरा उरलाच नव्हता. पन्नासेक जणी जाऊन झाल्या होत्या.

राजकुमार : अर्धा होता. डावा डोळा आणि...

करुणा : अहो!

राजकुमार : विचारलं म्हणून सांगितलं.

करुणा : गीताताई, इकडं बघा. तुम्हाला दिसलं नाही, तुमचा पाय पडला. पडू द्या. त्याला काही होत नाही. मला दिसलं होतं, एवढंच. दिसल्यावर मला नसतं जमलं.

गीताबाई : तरी पन. म्या जाते आन नमस्कार घालून येते तिथं. जे काय उरलंय त्याला.

करुणा : जा मग. चहा पिऊन जा.

गीताबाई : आता चहा नरड्याखाली उतरतोय व्हय? ...दे, दे, थंड व्हईल. पन दाजी, ह्या बाईचा टाइम तर लागलाच असंल की. तुमी हुबे व्हता ना कमानीपाशी, घड्याळ घिऊन? कंपनीनं दिलंय ते, रिटायर व्हताना. लई टेचात दाखवलं व्हतं तुमी आमाला.

राजकुमार : होतो उभा.

गीताबाई : मंग? किती झाली मिनटं?

राजकुमार : माझ्या घड्याळाचा इथं संबंध नाही. करारात अधिकृत निकाल लिहिलंय.

गीताबाई : करार गेला खड्ड्यात. म्या इचारते. तुमच्या घड्याळात किती झाली?

राजकुमार : गीताबाई, तुम्ही चहा घ्या.

करुणा : राहू द्या हो गीताताई. त्यांचं बरोबर आहे. हरले मी. छत्तीसच्या आत असेल नसेल, आता काय त्याचं.

गीताबाई : काय त्याचं? पाच म्हैने अंधारात उटून फलाटावर पळालीस. टाचेची कातडी निगाली. काय त्याचं म्हनं. दाजी, तुमी धोंडिबाची गैरहजेरी सांगता समद्या गल्लीला, खरं ते खरं म्हनून. मंग आज बायकूचं खरं सांगाया काय झालं? का छत्तीसच्या आतच हाय, म्हनून बोलंना तुमी?

राजकुमार : तसं नाही.

गीताबाई : मंग दावा. खिशात हाय ना? दावा.

राजकुमार : घ्या. बघा.

गीताबाई : मला काय दिसतंय चष्म्याबिगर. करुणे, तू बग.

करुणा : एक तास... अहो, हे चालू आहे. एक तास त्रेचाळीस मिनिटं. सेकंद पळतायत अजून.

राजकुमार : हं.

करुणा : बंद केलंच नाही तुम्ही?

राजकुमार : नाही.

करुणा : म्हणजे बटण खराब झालं का?

राजकुमार : बटण ठीक आहे. सुरू करताना बरोबर दाबलं, बंदूक वाजली त्याच क्षणी. बंद करायला अंगठा ठेवून तयार होतो. दाबायचं राहिलं.

करुणा : तुमचं?

राजकुमार : माझं.

गीताबाई : बत्तीस वर्सं लोकांच्या मिनटा मिनटाचा हिशेब ठेवला आन बायकूच्या टायमाला...

करुणा : थांबा गीताताई. अहो, काय झालं होतं? छातीत दुखलं? खरं सांगा.

राजकुमार : छातीत काही नाही. सांगतो. तुम्ही दोघी माझ्याकडं बघू नका, तिकडं रस्त्याकडं बघा. ...पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांना आधी सोडलं होतं, म्हणून रस्ता मोकळा होता. वळणावरून पाच-सहा जणी आल्या. त्यांत एक निळ्या टीशर्टवाली. वेणी खांद्यावर आपटतेय. बाकीच्या पाय उचलून टाकत होत्या, दिसत होतं, ओझं वाहतायत पायांचं. हिचं तसं नव्हतं. जमीनच हिला हातोहात पुढं देत होती. मी मनात म्हटलं, ही बाई कोण असेल? कोणत्या घरची असेल? हिच्या घरच्यांना ठाऊक तरी आहे का, ही अशी पळते ते?

करुणा : कोण होती?

राजकुमार : सातशे माणूस होतं आमच्या कंपनीत. धुक्यात, शंभर फुटांवरून, नुसत्या चालीवरून सांगायचो, हा पेंट शॉपचा, हा कॅन्टीनचा, ह्याचं घरी भांडण झालंय. कधी चुकलो नाही. आणि सत्तावीस वर्षांची बायको समोरून आली, मी ओळखलं नाही. नंबर वाचला तेव्हा कळलं. एकावन्नशे सत्त्याऐंशी. म्हटलं, हा तर मीच काल पिना लावून दिला.

करुणा : नंबर वाचून ओळखलंत मला?

राजकुमार : नंबर वाचून. आणि ते कळतंय न कळतंय तोच तू थांबलीस. त्या वेगातून. मागून आठ-दहा बायका येतायत, माइकवाला ओरडतोय, तो टेबलावरचा माणूस हात हलवतोय, काकू मॅट, काकू मॅट. तू कोणाचं ऐकलं नाहीस. उभी राहिलीस आणि खाली बघितलंस. आणि तुझे ओठ हलत होते. काय म्हणत होतीस?

करुणा : काही नाही. धापा टाकत होते.

राजकुमार : मला वाटलं, काहीतरी म्हणतेयस. मग वाकलीस आणि दोरीखालून गेलीस. त्यात दाबायचं राहिलं. आता कोणी विचारलं तर चौतीस म्हणू का पस्तीस म्हणू? मनानं आकडा सांगणार नाही मी. माझ्याकडं आकडा नाही. यादीत पण रेघ आणि माझ्याकडं पण रेघ.

गीताबाई : ...दाजी, म्या जरा लईच बोलले तुमाला.

राजकुमार : बरोबर बोललात. आणखी एक ऐका. तुझ्या मागून नऊ जणी दोरीखालून गेल्या.

करुणा : नऊ जणी? का?

गीताबाई : अगं, त्यास्नी वाटलं असंल, रस्ताच तिकडून हाय. म्होरली बाई वाकली की मागची वाकती. लग्नाच्या पंगतीत बग ना.

राजकुमार : आठ जणींना तसंच वाटलं. एकीला नाही. पोलिसातली वाटली मला, चालीवरून. ती रांगोळीपाशी आली, थांबली, तुझ्यासारखी खाली बघून उभी राहिली. मग हात जोडले आणि वाकली. तिची पण रेघ असेल यादीत. नंतर संयोजकांचा माणूस मधे येऊन उभा राहिला, इकडून इकडून करत सगळ्यांना पट्टीवर घालायला लागला. मग पुसलं गेलं.

करुणा : माझ्यामुळं नऊ जणींचं मेडल गेलं.

राजकुमार : आठ जणींचं तुझ्यामुळं.

गीताबाई : झालं का तुमचं मोजून? मंग आता माजं ऐका. चप्पल गर्दीत नाय निसटली. ही बाई दोरीखालून मंडपाच्या मागं गेली ती लई येळ भाईर दिसंना, तवा हे पळालं. माज्या लेकानं बगितलं, त्यो तिथंच फोटू काडत हुबा व्हता. म्हनला, आई, हिवराळे काका असं सुटले की म्हाग बगितलं नाय, चप्पल उडाली तरी थांबले नाय.

राजकुमार : भराभर चाललो मी.

गीताबाई : पळाला तुमी. लेकाच्या मोबाइलात हाय. लेंग्याची नाडी सुदिक दिसती त्यात.

करुणा : थांबा. नळापाशी आलात तेव्हा धाप लागली होती तुम्हाला. मला वाटलं, रागानं श्वास फुललाय.

राजकुमार : राग कशाचा? तू दिसेना. मला वाटलं, पडलीस कुठं. चक्कर आली.

करुणा : मंडपाला वळसा म्हणजे दोनशे पावलं आहेत.

राजकुमार : एकशे ऐंशी असतील.

करुणा : आणि छातीत?

राजकुमार : धडधड झाली. खूप झाली. मला वाटलं, झालं, आता तेच येणार, कंपनीच्या गेटवर आलं होतं तसं. नळ धरून उभा राहिलो. मग... उतरली. आपोआप उतरली.

करुणा : मला बोलला नाहीत.

राजकुमार : काय बोलणार? वर्षभर तुला सांगतोय, वेळ नाही, पाय दुखतात, थंडी आहे. खरं कारण एकच. घराच्या जिन्याच्या पाच पायऱ्या चढलो की मी थांबून ऐकतो, आत काय चाललंय. रोज ऐकतो. चाळीस मिनिटं चालायचं म्हणजे चाळीस मिनिटं ते ऐकत राहायचं. भीती वाटते मला.

गीताबाई : हिला पन वाटती. म्हनून तर पळती ही.

करुणा : गीताताई, नको.

गीताबाई : का नको? सांगू दे. दाजी, तुमाला दवाखान्यात घातलं त्या दिशी, त्यांनी येक इंजेक्शन लिहून दिलं, लगोलग आना म्हनले. तिथल्या मेडिकलात नव्हतं. दुसरं मेडिकल चौकाच्या पल्याड. रिक्षा मिळंना, म्हनून ही पळाली. आन धड पळता येईना. दोनदा रस्त्यात बसली ही, फतकल मारून, लोकं बगतायत. चिठ्ठी हातात, आन उटवंना.

राजकुमार : हे मला माहीत नाही.

करुणा : तुम्ही आयसीयूत होता.

राजकुमार : नंतर?

करुणा : नंतर इंजेक्शन मिळालं, तुम्ही बरे झालात. सांगण्यासारखं काय उरलं? दोनदा बसले ते मलाच सलत होतं. म्हटलं, पुन्हा वेळ आली तर बसायचं नाही. एवढ्यासाठी फलाटावर गेले पहिल्यांदा. साडीवर. अर्धा फलाट झाला नाही, तर बाकड्यावर कोसळले. तिथं ह्या बसल्या होत्या.

गीताबाई : म्या गाडीची वाट बगत व्हते, लेकीकडं जायाला. हिला बगून गाडी सोडली.

राजकुमार : दोनदा.

करुणा : काय दोनदा?

राजकुमार : काही नाही. तू दोनदा बसलीस, हे मला आज कळतंय. माझ्याकडं त्या दिवसाचं सगळं आहे. किती वाजता गेटवर पडलो, किती वाजता गाडीत घातलं, किती वाजता आत नेलं. त्यात हे नाही.

गीताबाई : बरं, म्या जाते. लेक फाटकापाशी थांबलाय. आदी त्या रांगोळीला नमस्कार घालते, मंग घरी. करुणे, उद्या फलाटावर. साडेपाचाला. आन दाजी, त्यो फोटू मागवू का?

राजकुमार : नको.

गीताबाई : मागवतेच.

करुणा : गेल्या. ...अहो, तो कागद द्या इकडं. फाडून टाकते. तुमच्या मनावर ओझं नको.

राजकुमार : फाडायचा नाही. कागद खरा आहे. तू हरलीस.

करुणा : हो, हरले.

राजकुमार : कागदाप्रमाणं आता वर्षभर तू माझ्या चालण्याविषयी एक शब्द काढायचा नाही.

करुणा : नाही काढणार.

राजकुमार : पण मी चालायचं नाही, असं कुठं लिहिलंय? बघ. दोनदा वाचला मी, तू टेबलावर गेली होतीस तेव्हा. कुठंच नाही.

करुणा : ...

राजकुमार : बोल ना.

करुणा : कसं बोलू? वर्ष आहे.

राजकुमार : बरं, मीच बोलतो. ही पिन लागली चपलेला, धरेल थोडी. पुलापर्यंत चालत जाऊ. तिथं रिक्षा करू. पुलाच्या अलीकडे मी थांबलो, तर तू पण थांबायचं. विचारायचं नाही, काय होतंय म्हणून. मी ऐकत असेन.

करुणा : पिशवी द्या माझ्याकडं.

राजकुमार : राहू दे. जड नाही. ...ह्या बाजूनं ये, गाड्या आहेत तिकडं.

करुणा : हं.

राजकुमार : तो दवाखाना ना तो? पांढरा?

करुणा : हो. आणि मेडिकल तिथं, निळ्या पाटीचं. मधे तो सिग्नल.

राजकुमार : कुठं बसली होतीस?

करुणा : एकदा त्या खांबापाशी. एकदा कुठं, आठवत नाही.

राजकुमार : एवढं लांब?

करुणा : आता नाही वाटत लांब. तेव्हा वाटलं.

राजकुमार : करुणा, तू मुद्दाम हळू चालतेस. माझ्यासाठी.

करुणा : नाही हो. दमलेय मी. पाच किलोमीटर पळून आलेय.

राजकुमार : होय. पळून आलीस.